डम्पवरची रोपं दोन वर्षांत गुडघ्याच्या वर गेली नाहीत: चुना, खत की पुन्हा खोदाई?

पडीकरान (प्रश्न)

कोळशाच्या उघड्या खाणीचा बंद झालेला ओव्हरबर्डन डम्प, म्हणजे कोळशावरून काढलेल्या दगड-मातीचा ढिगारा. क्षेत्र १२ हेक्टर, उंची ३० मीटर. माथा डोझरने सपाट केलेला आहे. बाजू डम्परने माल ओतला तशाच, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास.

माथ्यावर १५ सेंमी माती पसरली. ती सहा वर्षं ८ मीटर उंच ढिगात पडून होती. त्यात ३०×३०×३० सेंमीचे खड्डे, दोन-दोन मीटरवर रोपं आणि मधल्या जागेत गवताचं दाट बी. दोन वर्षांनंतरची स्थिती अशी:

- सुमारे ६० टक्के रोपं जिवंत, पण गुडघ्याएवढी. पानं पिवळट.
- दीड हेक्टरचा एक पट्टा पूर्ण उघडा, तिथे गवतही टिकलं नाही.
- उतारावर ओघळी. त्यातल्या दोन वाढून कंबरेएवढ्या खोल घळी झाल्या आहेत.
- एका कोपऱ्यात पायथ्याशी बारमाही पाझर, त्यात तांबूस गाळ.

सगळ्या क्षेत्रावर हेक्टरी २ टन चुना आणि वर शेणखत टाकायचा प्रस्ताव आहे. हे योग्य ठरेल का? की आणखी काही करावं लागेल?

---

मुळाखाली

प्रस्ताव बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार आहेत आणि वरून ते एकसारखेच दिसतात: पिवळी पानं, खुंटलेली वाढ. एक म्हणजे दाबलेली जमीन, दुसरा म्हणजे आम्ल. दाबलेल्या जमिनीला चुना देऊन काही होत नाही आणि आम्ल जमीन नुसती उकरली तर ती आणखी बिघडते, कारण आत ताजी हवा जाते.

म्हणून आधी टिकाव. माथ्यावर पाच-सहा ठिकाणी जिवंत झाडाच्या शेजारी मीटरभर खोल खड्डा घ्या आणि मुळं कुठे वळतात ते बघा. जमीन दाबलेली असेल तर सोटमूळ १५ सेंमी खाली जातं, डम्पच्या घट्ट मालाला टेकतं आणि काटकोनात आडवं पळतं. लावणीच्या खड्ड्याच्या भिंतीला मुळं कुंडीतल्यासारखी गोल गुंडाळलेली दिसतात. घट्ट मालात खणलेला ३० सेंमीचा खड्डा म्हणजे कुंडीच. पावसात ती तुंबते, उन्हात भाजते.

घनता मोजायला कोअर कटर (नमुना काढायची पोलादी नळी) नेऊ नका, दगडात तो शिरतच नाही. साधारण ३० सेंमीचा चौकोनी खड्डा घ्या आणि निघालेला सगळा माल गोणीत भरा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी ओता आणि किती लिटर बसलं ते लिहून ठेवा. माल वाळवून वजन करा. मग २ मिमीच्या चाळणीवरचे दगड वेगळे तोला. दगडांचं वजन भागिले २.६५ केलं की त्यांनी व्यापलेले लिटर मिळतात. ते वजन आणि ते लिटर वजा करून बारीक मातीची घनता काढा. ही वजाबाकी केली नाही तर दगडाळ मालाचा आकडा भलताच मोठा येतो आणि घबराट होते. चिकण पोतात लिटरला १.५ किलोच्या आसपास मुळं अडतात, वालुकामय पोतात १.७ पर्यंत चालून जातं.

उघड्या पट्ट्यातून ०–२०, २०–५० आणि ५०–१०० सेंमी असे तीन थरांचे नमुने वेगळे घ्या. प्रयोगशाळेला नुसता सामू (pH) मागू नका. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजातलं गंधक (हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल बनतं) आणि मालाची आम्ल शमवायची क्षमता, हे दोन्ही आकडे हवेत. सामू आजची स्थिती सांगतो. पायराइट अजून कुजायचं बाकी असेल तर आज ६ असलेला सामू दोन पावसाळ्यांत ३ वर येऊ शकतो.

---

कडा_पायथा

या सगळ्याआधी एक काम, तेही आजच. ज्या कोपऱ्यात पाझर आहे त्याच्या बरोबर वर, माथ्याच्या कडेपासून आत १५-२० मीटरपर्यंत चालत जा आणि कडेला समांतर भेगा आहेत का ते बघा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. अंतर वाढत असेल, किंवा पायथा फुगलेला दिसत असेल, तर वृक्षारोपण विसरा. खालची वर्दळ बंद करा आणि भूतंत्र (जिओटेक्निकल) अभियंत्याला बोलवा. तो येईपर्यंत वर डोझर चढवू नका.

बारमाही पाझर म्हणजे बहुधा डम्पखाली जुना झरा किंवा नाला गाडला गेला आहे. वेल्समध्ये अ‍ॅबरफानला २१ ऑक्टोबर १९६६ रोजी जो ढिगारा घसरला तो झऱ्यावरच रचलेला होता. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. डम्प घालण्यापूर्वीचा नकाशा काढून जुने प्रवाह त्यावर बघा.

भेगा नसतील तर उताराकडे या. ३७ अंशांवर काहीही लावलं तरी ते धुपेलच. उतार १ उभा : ३ आडवा, म्हणजे साधारण १८ अंश, करायचा असेल तर ३० मीटर उंचीला आडवं अंतर आजच्या ४० मीटरचं ९० होतं. कापलेला माल खालीच भरला तर कडा २५ मीटर मागे येते आणि पायथा २५ मीटर पुढे सरकतो. तेवढी जागा खाली आहे का, हे मशीन बोलवायच्या आधी मोजा. बरेच आराखडे नेमके या २५ मीटरवर अडतात. जागा नसेल तर बर्म, म्हणजे उतारात मधेमधे सपाट पायऱ्या, ठेवावे लागतात.

माथ्याचं पाणी कडेवरून खाली जाता कामा नये. कडेवर बांध घाला आणि माथ्याला आतल्या बाजूला १-२ टक्के ढाळ द्या. ते पाणी दगडी अस्तर लावलेल्या एकाच मार्गाने उतरवा. दोन्ही घळी बुजवायला नुसती माती टाकू नका, पहिल्याच वळवाला वाहून जाईल. वरून येणारं पाणी आधी तोडा, मगच घळीत अनगड दगडी बांध घाला.

---

मुळाखाली

@कडा_पायथा सहमत, क्रम तुमचाच बरोबर. एक भर: समतल चर आणि बांध घालायच्या आधी माती विरघळती आहे का ते तपासा. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. ढेकूळ नुसतं कोसळलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर माती सोडियमयुक्त आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत तर त्यातल्या क्षारांमुळे ढग दबतो आणि चाचणी खोटी ‘पास’ होते.

अशा मातीत चर म्हणजे संकटाला आवतण. साचलेलं पाणी बांधाच्या पोटातून बोगदा पाडतं आणि एक बांध फुटला की खालचे सगळे ओळीने जातात. तिथे चर नको. जिप्सम मिसळा आणि वर खडबडीत दगड-माती मिश्रणाचा थर द्या.

---

पडीकरान

आकडे आले. भेगा नाहीत, खुंट्यांमधलं अंतर स्थिर. ढेकळाभोवती ढग नाही.

माथा: खड्डा २६ लिटर, वाळलेला माल ४९ किलो, त्यात दगड २१ किलो. पोत चिकण. मुळं १५-१८ सेंमीवर आडवी वळलेली.

उघडा पट्टा: सामू ३.१. पायराइटमधलं गंधक ०.८ टक्के, शमनक्षमता टनाला ५ किलो (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). तिन्ही थरांत जवळपास सारखंच. बाकी माथ्यावर सामू ६.५ ते ७, गंधक नगण्य.

---

मुळाखाली

माथ्याचा हिशेब: दगड २१ ÷ २.६५ = ७.९ लिटर. उरले २८ किलो आणि १८.१ लिटर, म्हणजे घनता १.५५. चिकण मातीला हे जास्त आहे. इथे चुन्याची गरज शून्य. रिपर (जमीन खोल फाडणारा डोझरचा दात) लागेल.

उघडा पट्टा: १ टक्का गंधकाला टनामागे ३१.२५ किलो चुनखडी लागते. ०.८ ला २५, त्यातून ५ वजा, राहिले २०. एक हेक्टर, ३० सेंमी खोली, घनता १.६ धरली तर ४,८०० टन माल. म्हणजे ९६ टन शुद्ध चुनखडी. मिळणारी पूड ८० टक्के शुद्ध असेल तर १२० टन. मिसळण कधीच एकसारखी होत नाही, म्हणून दीडपट धरा: हेक्टरी १८० टन. प्रस्तावात २ टन आहेत. ते टाकले असते तर महिनाभर सामू सुधारलेला दिसला असता, अहवालही गेला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं जिथल्या तिथे.

१८० टन टाकूनही फक्त ३० सेंमी सुधारतात. खालचं आम्ल केशाकर्षणाने वर येत राहतं. म्हणून या दीड हेक्टरवर झाकण घालणं मला जास्त पटतं. सध्याच्या पृष्ठभागात चुनखडी मिसळा, वर डम्पच्या निर्धोक भागातला माल १.२ मीटर सैल ओता. दीड हेक्टरला १८,००० घनमीटर होतात. उतार कापताना निघणारा माल इथेच वळवता येईल. मात्र तो माल आधी तपासा, नाहीतर आम्लावर आम्लच चढेल. आणि या पट्ट्यात रिपर अजिबात नको.

---

रिपर_तीनदाती

बाकीच्या माथ्यासाठी रिपिंगचं सांगतो.

दात किमान १ मीटर खोल, दोन ओळींत दीड मीटर अंतर, चाल ताशी २-३ किमी. दिशा समतल रेषेवरच. रेषा चुकली तर प्रत्येक तास (दाताने पडलेली चीर) पाण्याचा पाट होतो आणि तुम्हीच घळ आखून दिलेली असते.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. ५०-६० सेंमीवरची माती हातात घेऊन वळा. ३ मिमी जाडीची वळी न तुटता झाली तर माती ओली आहे, मशीन परत पाठवा. ओल्या मातीत दात सुरीसारखा जातो, चिरेच्या कडा गुळगुळीत करतो आणि आजूबाजूचं काहीच फुटत नाही. कोरड्यात दोन तासांमधली जमीन उचलून तडकली पाहिजे, ती डोळ्यांनी दिसते. तडकत नसेल तर अंतर कमी करा.

रिपिंग झाल्यावर ‘जरा सारखं करून घेऊ’ म्हणून डोझर फिरवायचा मोह आवरा. डोझरच्या दोन-तीन फेऱ्यांत फायदा गेलाच समजा. जमीन खडबडीत, ढेकळांची, दिसायला ओंगळ राहू द्या. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन भागात हाच धडा महागात शिकले. खाणजमीन पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर ढिगारे नीटनेटके, घट्ट आणि गवताळ झाले, पण त्यावर झाडं वाढेनात. मग वरचा किमान चार फूट माल सैल ओतायचा आणि डोझर कमीत कमी फिरवायचा, ही पद्धत पुढे आली.

जिथे झाडं बऱ्यापैकी आहेत तिथे दोन ओळींच्या मधोमध एकच तास काढा. खुरटलेल्या पट्ट्यात मात्र रोपांची माया धरू नका, पूर्ण फाडा.

---

बीजबँक

माती आणि गवताबद्दल कोणी बोललं नाही.

८ मीटर उंच ढिगात सहा वर्षं राहिलेली माती म्हणजे नुसता भराव. आत हवा नसते, त्यामुळे मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी मरते आणि बियांचा साठाही संपतो. साठवायचीच तर ढीग २ मीटरपेक्षा कमी उंच ठेवा आणि त्यावर काहीतरी उगवतं ठेवा. सर्वात उत्तम म्हणजे न साठवता लगेच पसरणं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा जंगलात बॉक्साइटच्या खाणींवर ताजी माती थेट पुढच्या खड्ड्यात नेतात ती याचसाठी. तुमच्याकडे आता तो पर्याय नाही, म्हणून शेजारच्या चांगल्या रानातली थोडी माती आणून प्रत्येक आळ्यात ओंजळभर मिसळा. रोपवाटिकेतच मिसळली तर उत्तम. तिथल्या तणांचं बी तेवढं येऊ देऊ नका.

दाट गवत ही दुसरी चूक. पहिल्या वर्षी हिरवंगार दिसतं, फोटो छान येतो आणि रोपांचं पाणी गवत पितं. माथ्यावर गवत विरळ पेरा, रोपाभोवती १ मीटर व्यासाची जागा मोकळी ठेवा. दाट पेरा फक्त उतारावर.

पिवळेपणाचं एक कारण नत्रही आहे. आपोआप चालणाऱ्या परिसंस्थेला जमिनीत हेक्टरी साधारण १,००० किलो नत्राचा साठा लागतो, असं ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांचं गणित आहे. उघड्या मालात त्याचा मागमूस नसतो. युरिया टाकून हा खड्डा भरत नाही, उलट गवत माजतं. शेंगावर्गीय झाडांकडून वर्षाला ५० ते १५० किलो मिळू शकतात, म्हणजे हे आठ-दहा वर्षांचं काम आहे. एकूण रोपांत तिसरा हिस्सा नत्र बांधणाऱ्यांचा ठेवा. बियाणं योग्य रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र बांधणारे जिवाणू) लावूनच पेरा, सुरूसारख्या झाडांना फ्रँकिया हा वेगळा जिवाणू लागतो. स्फुरद मात्र सुरुवातीलाच द्या, त्याशिवाय गाठी बनत नाहीत.

---

पडीकरान

पाझराच्या पाण्यासाठी चुनखडीचा बंदिस्त चर (हवा लागू न देता पाणी चुनखडीतून नेणारा) सुचवला गेला आहे. चालेल का?

---

कडा_पायथा

पाणी डम्पमधून बाहेर पडतं तिथेच, हवा लागायच्या आत मोजा. विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक (ऑक्सिजन लागून बदललेलं) लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तिन्ही लिटरला १ मिग्रॅच्या खाली असतील तरच बंदिस्त चर. नाहीतर लोहाचं कवच चुनखडीवर बसतं, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गाळ फटी बुजवतो आणि चर तुंबून पाणी परत डम्पमध्ये चढतं. तुमच्या पायथ्याला नेमकं तेच नको आहे. आकडे जास्त आले तर उघडी गाळटाकी करा, आणि गाळ काढायला मशीन पोहोचेल असा रस्ता तिच्या आराखड्यातच धरा.