पुढच्या चाकातून टकटक आवाज: स्ट्रट गेलेत की दुसरंच काही? मदत हवी आहे

पुढच्या चाकाने चालणारी साधी हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेला सस्पेन्शनचा खांब). जवळजवळ ९० हजार किलोमीटर झालेत आणि स्ट्रट अजून मूळचेच आहेत. काही दिवसांपासून खडबडीत रस्त्यावर, वेग २०-३० असताना, पुढच्या डाव्या बाजूने टकटक येते. गतिरोधक हळू ओलांडला तर काहीच वाजत नाही. शिवाय ब्रेक लावला की गाडी पूर्वीपेक्षा जास्त नाक खुपसते, आणि वेगात एखादा उंचवटा लागला की एकदा वर-खाली होऊन स्थिर होण्याऐवजी डुलत राहते.

मेकॅनिकने बॉनेटच्या कडेवर जोर देऊन गाडी दाबली, सोडली आणि सांगितलं, "शॉकअप गेले, दोन्ही बदला." डाव्या स्ट्रटच्या नळीवर तेलाचा ओलसर थर आहे, त्यावर धूळ बसून तो काळा पडलाय, पण थेंब गळत नाही. बदलायला माझी ना नाही. पण नवे बसवूनही टकटक तशीच राहिली तर काय, ही धास्ती आहे. आधी काय काय तपासावं? आणि हे काम घरी करण्यासारखं आहे का? पाने, जॅक, स्टँड सगळं आहे, ब्रेक पॅड मीच बदलतो. स्प्रिंगला मात्र आजवर हात लावलेला नाही.

प्रतिसाद

तुमच्या गाडीत दोन वेगळ्या तक्रारी असाव्यात. डुलणं आणि नाक खुपसणं ही स्ट्रटमधला डँपर, म्हणजे शॉकअप, थकल्याची खूण. टकटक मात्र बहुतेक वेळा डँपरची नसते. लहान खड्ड्यांवर, कमी वेगात असा कोरडा आवाज आला की माझा पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी सळई) लिंक रॉडवर जातो, त्यानंतर स्ट्रटच्या वरच्या माउंटवर (स्ट्रट बॉडीला जोडणारा बेअरिंगसकट भाग), मग लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) रबरी बुश आणि बॉल जॉइंटवर.

दाबून बघायच्या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका. डँपर पार मेला असेल तरच ती काही सांगते; अर्धवट थकलेला डँपर त्यात सहज पास होतो. त्यापेक्षा टायर बघा. तळहात ट्रेडवरून गोल फिरवा. ठरावीक अंतरावर उंच-सखल पट्टे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, उड्या मारतंय. तेलाचा पुसट थर चालतो, कारण डँपरचा रॉड सीलमधून वर-खाली होताना थोडं तेल बाहेर येतंच. पण नळी पुसून काही दिवस गाडी चालवा. पुन्हा ओली होऊन ओघळ खाली उतरला तर सील गेलं.

वरच्या माउंटसाठी एकाला स्टिअरिंग फिरवायला बसवा आणि तुम्ही बोटांची टोकं हलकेच स्प्रिंगवर ठेवा, वेटोळ्यांच्या मधे बोट घालू नका. बेअरिंग धरत असेल तर स्प्रिंग सरळ फिरत नाही. आधी पीळ खाते आणि मग 'टण्ण' करून सुटते. तो झटका हाताला स्पष्ट जाणवतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मधे येत नसेल तर तेही याच बेअरिंगचं लक्षण असू शकतं.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. लिंक रॉडची खात्री करायला सर्वात सोपा मार्ग: दोन्ही बाजूंचे लिंक रॉड पूर्ण काढा आणि त्याच रस्त्यावर हळू एक फेरी मारा. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून वेग अजिबात नको. आवाज गेला तर चोर सापडला.

गाडी एका बाजूला खाली बसली असेल तर तेही लिहा. गाडीची उंची स्प्रिंग धरते, डँपर नाही. त्यासाठी नुसता स्ट्रट बदलून उपयोग नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लिंक काढून फिरलो, टकटक पूर्ण थांबली. डाव्या लिंकचा खालचा जॉइंट हाताने सहज हलतोय, रबरी टोपी फाटलेली आहे. पण टायरवर तुम्ही म्हणता तसे पट्टेही लागले, आणि पुसलेली नळी परत ओली झालीय. उंची दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणजे लिंक आणि स्ट्रट दोन्ही घेतो. आता घरी करायचं का, तेवढं सांगा.

प्रतिसाद

गाडीवरून स्ट्रट काढणं-बसवणं तुम्हाला जमेल. स्प्रिंग काढून नव्या स्ट्रटवर चढवण्याचं काम मात्र भिंतीवर बसवलेला पक्का स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपकडून करून घ्या, किंवा स्प्रिंग आणि माउंटसकट जोडलेला तयार स्ट्रट मिळत असेल तर तोच आणा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतका जोर असतो. बॉनेटखाली माउंट बॉडीला धरणारे नट असतात, सहसा तीन. काढायचे ते तेवढेच. मधला मोठा नट डँपरच्या रॉडचा आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरलेली नसताना तो सोडायचा नाही, म्हणजे नाहीच.

बदलायचे दोन्ही बाजूंचे एकदम. एक नवा आणि एक जुना ठेवलात तर ब्रेक लावताना आणि वळताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा) आणि धुळीचं रबर याच वेळी नवं घाला, नाहीतर तेवढ्यासाठी सगळं परत उघडावं लागेल. स्ट्रटला नकलशी (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणारे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून आधी मोकळा करा. स्ट्रट सुटला की नकल बाहेर झुकते. तिला तारेने बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) जॉइंट आतून ओढला जातो आणि पाइपवर ताण येतो. डँपरचा रॉड पकडीने कधीही धरू नका, चरा पडला की नवं सीलही लवकरच गळतं. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरा आणि टॉर्क (नट किती घट्ट आवळायचा ते) गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागेल, खूण कितीही नीट जुळवलीत तरी. आणि पट्टे पडलेले टायर नव्या स्ट्रटवरही घूं-घूं करत राहतील. तो आवाज ऐकून बसवण्यात काही चुकलं असं समजून पुन्हा खोलायला जाऊ नका. आधी पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज त्यांच्याबरोबर मागे गेला तर तो टायरचाच.