मैफलीत फोटो काढायचे आहेत, शनिवारच्या आत मदत हवी

गिरणाकाठ: शनिवारी कार्यक्रम आहे आणि फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कुठे बसायचं, कधी काढायचे, परवानगी घ्यायची का? आजवर फक्त लग्नं केलीत. लवकर सांगा, नुसतं 'गूगल करा' नको.

सोनचाफा: कसला कार्यक्रम? गाणं की वादन? हॉलमध्ये की उघड्यावर?

गिरणाकाठ: मैफल म्हटलं ना! ख्याल गायन. जळगावला, संभाजीराजे नाट्यगृह.

तापीकर: मिररलेस कॅमेरा घ्या, सायलेंट (बिनआवाजाचं) शटर लावा, विषय संपला. मी डीएसएलआर विकून टाकला, तेव्हापासून निवांत आहे.

षड्जपंचम: शनिवारसाठी माणूस कॅमेरा विकत घेणार? शिवाय त्या शटरने एलईडी दिव्यांत फोटोवर पट्टे येऊ शकतात, तेही सांगा की. गिरणाकाठ, कॅमेरा कोणता ते लिहाच. फ्लॅश बंद, आणि फोकससाठी पुढे दिवा लागतो तोही मेनूतून बंद. लोक तो विसरतात आणि तो थेट गवयाच्या डोळ्यांवर जातो.
वेळेचं म्हणाल तर आलापी चालू असताना खटका दाबू नका, समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघा. विलंबित एकतालाचं १२ मात्रांचं आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. ठेक्याकडे कान ठेवा, मुखडा (समेवर नेणारी बंदिशीची ओळ) येतोय ते कळतं. समेवर चेहरा खुलतो, हात सुटतो आणि लोकांच्या 'वाहवा'त तुमचा आवाज बुडून जातो.

केळीबाग: समेला मान हलते, हात हलतो, १/६० सेकंदाच्या शटरवर सगळं पुसट. त्यापेक्षा दुपारी साउंड चेकला उरकून घ्या.

षड्जपंचम: साउंड चेकला बुवा टी-शर्टवर 'मॉनिटरचा आवाज वाढवा' म्हणत असतात. तो फोटो छापणार का?

अहिराणी_गडी: भाऊ, तू गानं आयकाले जाई राह्यना का फोटू काढाले?

कायद्याचा_किडा: रेकॉर्डिंग मात्र करू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८. कलाकाराच्या संमतीशिवाय चालत नाही.

केळीबाग: रेकॉर्डिंगचं विचारलंय कोणी?

कायद्याचा_किडा: पुढे उपयोगी पडेल. आणि आयोजकांकडून पैसे घेऊन काढलेत, वेगळा करार नसला, तर फोटोंचे पहिले मालक तेच. कलम १७. पैसे ठरलेत का?

गिरणाकाठ: चहा ठरलाय. आयोजकांनीच बोलावलंय, स्टेजसमोर खाली बसा म्हणाले. जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स.

षड्जपंचम: हे आधी सांगायचं! मधोमध बसू नका, माइक तोंडाआड येतो आणि मागच्यांना तुमचं डोकं. कडेला बसा, राग संपेपर्यंत हलायचं नाही. खटक्याचा आवाज कमी करणारा क्वाएट मोड असला तर लावा. मागचा स्क्रीन बंद, अंधारात तो लांबून डोळ्यात खुपतो. कमी उजेडात किट लेन्सवर भागणार नाही, ५० एमएम एफ/१.८ लेन्स मिळवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/१२५. आयोजकांच्या होकारावर जाऊ नका, बुवांनाही विचारा. पण सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, तानपुरे लावताना नव्हे.

सोनचाफा: गाणार कोण आहे पण? पास मिळतील का?

गिरणाकाठ: ५० एमएम कोणाकडे आहे का? भुसावळपर्यंत येऊन घेऊन जाईन.

तापीकर: माझ्याकडे आहे. मिररलेसची, डीएसएलआरला बसत नाही.