दिराचं लग्न, दारात डीजे आणि माझं लेकरू

औशाची वहिनी:
धाकट्या दिराचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, मांडव आमच्याच दारात. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण मोजकंच. मोठा आवाज सहन होत नाही. मागं एका बारशात स्पीकर सुरू झाला तसा कान दाबून खालीच लोळला, तर एक पाव्हणे म्हणले, "एक ठेवून द्या, गप होतंय." मी त्याला उचलून मागच्या खोलीत नेलं. तिथं ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसला अन् निवला. (ज्वारी म्हणजे त्याचं औषधच. आमच्या चपलांत सुद्धा दाणे सापडतात.)

आता सासूबाई म्हणायल्यात, चार दिवस त्याला तुझ्या माहेरी ठेव. वाईट मनानं नाही, जीव आहे त्यांचा त्याच्यावर. पण सख्ख्या काकाचं लग्न अन् हाच नाही? परण्याला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो तेव्हा, डीजे ठरलाय, इसार पण दिलाय. असं लग्न कुणी पार पाडलंय का? "त्रास होईल, नका ठेवू" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते मला रोज ऐकायला मिळतं.

परभणीचा बाप:
ताई, आमच्याकडं भावकीला पटवायला यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कामाला आलं. हसू नका. सिव्हिलमधून प्रमाणपत्र घेतलं तेव्हा कुठं आमच्या वडलांनी "लाडानं बिघडलंय" म्हणणं सोडलं. त्यांचाही दोष नाही म्हणा, 1995 च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार झाले, त्यात तो आला. कार्ड नसेल तर काढाच, लग्नासाठी नाही, पुढं शाळेला लागतं.

डीजेचं मात्र आमचं काही जमलं नाही. परण्या मारुतीला जाऊन येईपर्यंत मी पोराला घेऊन शेतात.

विशेष शिक्षिका, नांदेड:
चार दिवसांचं चित्रांचं पान करा: हळद, परण्या, अक्षता, जेवण. रोज रात्री त्याच्यासोबत बघा. मागची खोली त्याचीच ठेवा, तिथं आहेराच्या साड्या अन् पाव्हण्यांच्या बॅगा येऊ देऊ नका (येतातच, म्हणून कुलूप). अन् त्याच्याजवळ कोण थांबणार, वेळेनुसार माणसं आधीच ठरवा. नाहीतर सगळं तुमच्यावरच येतं अन् तुमची पंगत हुकते.

खिडकीजवळची सीट:
मी लातूरचा, वय 24, स्वतः ऑटिस्टिक. आवाजापेक्षा तो अचानक येतो याचा त्रास जास्त. डीजेवाल्याला सांगा, सुरू करायच्या आधी पाच मिनिटं घरी फोन कर. ग्राइंडरवर काम करणारे कानाला लावतात ते मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पण लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आतापासून रोज थोडा वेळ.

अन् पाव्हण्यांना सांगा, "नाव सांग, पाया पड, गाणं म्हण" नको. मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

एक विचारू? तुमच्याकडं अक्षता ज्वारीच्याच असतात ना? मग त्याला परातीपाशी बसवा की.

औशाची वहिनी:
दादा, परातीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. आधी म्हणल्या, सांडंल सगळं. मग म्हणल्या, सांडू दे, पोतंभर आहे. काल त्यांनीच कुंकू कालवून थोडी ज्वारी रंगवायला त्याला बसवलं. दीड तास हलला नाही, कोपरापर्यंत लाल.

डीजे आहेच. दीर फोनचं बघतो म्हणलाय. मफ आणले, ते सध्या आजोबा घालून बसायलेत, त्यांना शेजारच्यांचा टीव्ही ऐकायचा नसतो. पोरगं त्यांच्याकडं बघून हसतंय, पण घालत नाही अजून.

कार्डासाठी सोमवारी लातूरला जाणार आहे. परभणीचे दादा, सिव्हिलला किती वाजता गेलं म्हणजे त्याला रांगेत ताटकळावं लागणार नाही?

परभणीचा बाप:
आमच्याकडं सकाळी लवकर गेलेलं बरं पडलं. अन् एक डबा ज्वारी सोबत घ्या.