कडवटपणाचा दोष तंबाखूवर टाकण्याआधी

शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सिगार कडू लागली म्हणजे तंबाखूच हलक्या प्रतीचा, हे मत मला घाईचं वाटतं. शेवटाकडे चव तीव्र होणारच, कारण आधीच्या धुरातलं टार आणि ओलावा मागच्या पानांत साठत जातो. पण जीभ चरचरावी असा कडूपणा बहुतेक वेळा भराभर ओढल्याने जळतं टोक फार तापल्यामुळे येतो. मिनिटाला साधारण एक झुरका पुरे.

मत बनवण्याआधी कोरडा झुरका घेऊन बघावा. तोंडात धरायचं टोक कापल्यावर, पेटवण्याआधी, नुसती हवा ओढून बघा. ती अडत असेल तर सिगार घट्ट वळलेली तरी आहे किंवा ओली तरी. ७२ टक्क्यांच्या वर आर्द्रतेत ठेवली की आतली पानं फुगतात, हवा जात नाही, मग आपण जोर लावतो, टोक तापतं आणि चव बिघडते. त्याच खोक्यातली दुसरी ६५ टक्के आर्द्रतेत दोन-तीन आठवडे ठेवून ओढा, मगच मत बनवा. अमोनियासारखा उग्र वास मात्र वेगळा. तो पानं नीट आंबवली-मुरवली नसल्याचं लक्षण, तिथे दोष खरोखर तंबाखूचाच.