'वॉबल'ला मराठीत काय म्हणायचं?

कवडसा: मुलांच्या मासिकासाठी एक विज्ञानलेख मराठीत करते आहे. त्यात 'चँडलर वॉबल' आलंय. अमेरिकेच्या सेथ चँडलर यांनी १८९१ मध्ये दाखवून दिलं, की सुमारे ४३३ दिवसांत पृथ्वीचा ध्रुव काही मीटरचा फेरा मारतो. मी लिहिलं, "पृथ्वीचा अक्ष डगमगतो." संपादकांनी ते खोडून "डळमळतो" केलं. मला दोन्ही पटत नाही. डगमगणारा माणूस पडायच्या बेतात असतो, डळमळणारं सरकारही. पृथ्वी काही पडायला आलेली नाही. शब्द सुचवा.

सहाण: "डुलतो" लिहा. भोवऱ्याचा वेग कमी झाला की तो डुलायला लागतो, मुलांना लगेच कळेल.

कोनमापक: भोवऱ्याचं डुलणं वेगळं. ते परांचन. पृथ्वीला त्याच्या एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात, आणि त्यामुळे ध्रुवतारा बदलतो. चँडलर वॉबलमध्ये आकाशातली अक्षाची दिशा जवळजवळ तशीच राहते, पृथ्वीचं अंगच अक्षाभोवती किंचित सरकतं. म्हणून तर तो अक्षांशांतल्या बारीक फरकांवरून सापडला. "अक्ष डुलतो" वाचून मुलं चुकीचं शिकतील.

तीनचाकी: हे तर सायकलच्या चाकासारखं झालं! वडिलांचं सायकलचं दुकान होतं. चाक असं चालायला लागलं की म्हणायचे, "चाकाला आउट आलाय." सायकल उलटी करून चाक फिरवायचे आणि रिंगेजवळ खडू धरायचे. जिथे खडू घासेल तिथे पांढरी खूण उमटायची. मग त्या बाजूचे स्पोक सैल, पलीकडचे घट्ट. डगमगतंय असं कुणी कधी म्हणालं नाही.

शुद्धमती: 'आउट' इंग्रजीच की. 'डुगडुगणे' हाताशी असताना त्याची गरज काय? पाटाचा एक पाय झिजला की पाट डुगडुगतो, पण बसलेला माणूस काही पडत नाही. आई त्या पायाखाली कागदाची घडी सरकवायची. कवडसाताई, तुम्हाला हवी आहे ती नेमकी हीच छटा.

सहाण: डुगडुगायला खाली जमीन लागते, पृथ्वी कशावर टेकलीय? सरळ 'वॉबल' लिहा. टेबल, बटण लिहितोच ना आपण?

शुद्धमती: टेबल ही वस्तूच बाहेरून आली, शब्द तिच्यासोबत आला. हलण्याचं तसं नाही. लटपटणं, हेलकावणं, हिंदकळणं, झोकांड्या खाणं, भेलकांडणं, एवढं सगळं घरात आहे. हे वापरलं नाही तर मुलांपर्यंत पोचणार कसं?

सहाण: इंग्रजांनीही 'वॉबल' बाहेरूनच घेतला, सतराव्या शतकात, बहुधा लो जर्मनमधून. त्यांची भाषा काही बुडाली नाही.

खाडीकाठ: 'डगमग'मधलं 'डग' म्हणजे पाऊल. ज्याला पाय नाहीत ते डगमगूच शकत नाही, हे माझं पक्कं मत. आमच्याकडे होडी हेलकावे खाते, फार झालं तर कलंडते.

कोनमापक: मग 'लटपट'मधला 'लट' कोण? डगमग, डळमळ, लटपट हे जोड हालचालीच्या नकलेतून आलेत. त्यांची फोड करून पाय शोधू नयेत.

खाडीकाठ: 'डग भरणे' तुम्हीही म्हणत असाल. तो योगायोग मानायला मी तयार नाही.

कवडसा: लेख शुक्रवारी द्यायचाय. डुगडुगणे की वॉबल?

तीनचाकी: शुद्धमती, भेलकांडणं फक्त दारू प्यालेल्याचंच असतं का? आमचं वासरू जन्मल्यावर पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा आजी म्हणाली, "भेलकांडलं बघ."

शुद्धमती: उभं राहताना वासरू लटपटतं. भेलकांडायला चालावं लागतं, आणि एका अंगाला जावं लागतं.

तीनचाकी: चाललं होतं ते. चार पावलं, गव्हाणीपर्यंत.

खाडीकाठ: पावलं म्हणजे डगच ना?