सायकलचं पंक्चर कशामुळे झालं, ते तुम्ही कसं शोधलंत? (अनुभव धागा)

पंक्चर काढायला फारसं काही लागत नाही: घासपेपर, सोल्युशन, ठिगळ, हवा. पण तेच चाक चार दिवसांनी पुन्हा बसलं, की ओळखावं, ट्यूबचं भोक बुजलं, भोक पाडणारं मात्र टायरमध्येच राहिलं. म्हणून हा धागा. भोक ट्यूबला कुठे होतं, कारण कसं सापडलं आणि मग काय केलंत, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव मी नेहमी वॉल्व्हसमोर आणते. ट्यूबचं भोक सापडलं, की वॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजते. ट्यूब काढताना फिरून उलटी झालेली असू शकते, म्हणून दोन्ही दिशांनी मोजते. गेल्या पावसाळ्यात पुण्यात कर्वे रस्त्यावर मागचं चाक बसलं. टायरवर बाहेरून काहीच दिसेना. मोजलेल्या जागी टायर उलटा दुमडला, तेव्हा रबराची चीर उघडली आणि आत तांदळाच्या कणीएवढी काच चमकली. सुईने उकरून काढली. पावसात हे जास्त होतं. पाण्याबरोबर काच-खडे रस्त्याच्या कडेला येऊन साठतात आणि ओल्या रबरात काच सहज शिरते.

हमरस्ता (सोलापूर)

आमच्याकडे काचेपेक्षा तार वाईट. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे हायवेच्या कडेला पडलेले असतात, आणि आपण चालवतो नेमकं त्याच कडेने. तारेचं भोक इतकं बारीक, की हवा जायला तासभरही लागतो. २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे अशा तारेने पुढचं चाक पुन्हा पुन्हा बसायला लागलं. बोटाने चाचपून तार लागत नव्हती. सोबतच्या एका काकांनी प्रथमोपचाराच्या डबीतला कापूस टायरच्या आतून फिरवला. एके ठिकाणी कापसाचे धागे अडकले. तार तिथेच होती. नेलकटरच्या टोकाने धरून ओढली. तेव्हापासून पॅचच्या डबीत चिमटा आणि कापूस असतोच.

निंबाखालचं दुकान (इंदापूर)

वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

गिऱ्हाईक म्हणायचं, "पंक्चर काढा." वडील आधी टायरला हातच लावत नसत. हवा भरायची, वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावायचा आणि बघायचं. बुडबुडा आला, तर ट्यूब चांगली आहे. साध्या सायकलला डनलॉप वॉल्व्ह असतो, आत पितळी नळीवर रबराची वॉलट्यूब चढवलेली. उन्हाने ती कडक होऊन चिरते आणि रात्रीतून चाक बसतं. नवी वॉलट्यूब चढवली की काम झालं. त्याचे पंक्चरचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. याचा मला आजही अभिमान वाटतो.

वॉल्व्ह ठीक असेल, तर ट्यूब घमेल्यात. भोक सापडल्यावर पहिला प्रश्न: ते कुठल्या बाजूला आहे? रस्त्याच्या बाजूला असेल, तर काटा, खिळा किंवा काच. रिमच्या बाजूला असेल, तर टायर तपासण्यात अर्थ नाही, स्पोकची टोकं झाकणारी रिमपट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलंय. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर काटा शोधूच नका. खड्ड्यात किंवा दगडावर आदळून ट्यूब रिमच्या कडेवर चेंगरली आहे. कारण एकच, हवा कमी. ठिगळ लावा आणि हवा पुरेशी भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं.

आणि एक भोक सापडलं म्हणून ट्यूब बाहेर काढायची नाही. पूर्ण फेरा पाण्यातून फिरवायचाच.

शाळेची फेरी

दादा, रिमच्या बाजूचं अगदी खरं. मुलीच्या सायकलचा एक स्पोक दुकानातून बदलून आणला आणि त्यानंतर ते चाक सतत बसायला लागलं. प्रत्येक वेळी नवं ठिगळ. शेवटी ट्यूब रिमवर धरून बघितली, तर सगळी ठिगळं एकाच रेषेत, आतल्या बाजूला. नवा स्पोक निपलच्या (स्पोक रिमला धरणाऱ्या बारक्या नटच्या) वर आला होता. कानशीने घासून सपाट केला, पट्टी बदलली. ते चाक आता नीट चालतंय.

नवशिकी

सोल्युशन लावल्यावर किती थांबायचं? माझी ठिगळं कडेने उचलली जातात.

निंबाखालचं दुकान (इंदापूर)

ताई, ओलं असताना ठिगळ लावू नका. घासून, पुसून, ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ थर द्या आणि पाचेक मिनिटं थांबा. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटता कामा नये. मग ठिगळ ठेवून मधून कडेकडे जोराने दाबा. आणि ट्यूब घासताना साच्याची उंच रेघ मध्ये येत असेल, तर ती पूर्ण सपाट करा. हवा बहुतेक तिच्याच कडेने निसटते.

रानवाट (यवतमाळ)

पावसाळा संपला की आमच्या पायवाटांवर सराटे पसरतात. त्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर. बाभळीचा त्याहून लांब, टायरमध्ये शिरून आतच मोडतो. बाहेरून ठिपका दिसतो, टोक आत राहतं. तो बाहेरून उपटता येत नाही. टायर उलटा करून आतून पक्कडीने ढकलावा लागतो. मी शेवटी ट्यूबलेसवर गेले. आतलं द्रव सीलंट बारीक भोकं स्वतः बुजवतं. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये चाक कानाजवळ हलवून बघते. आत खळखळ ऐकू आली नाही, तर नवं भरते.

कालव्याकाठी (युट्रेख्त)

नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर रस्त्यांवर काचाच काचा असतात. गंमत म्हणजे इथल्या घरगुती सायकलींना अजून डनलॉप वॉल्व्हच असतो, फक्त आत बहुधा वॉलट्यूब नसते. मागचं चाक काढायचं तर बंद चेनकव्हर, गिअरची केबल, ब्रेक, सगळंच सोडवावं लागतं. म्हणून चाक जागेवर ठेवूनच टायरची एक बाजू उचलतात, ट्यूब तेवढीच ओढून ठिगळ लावतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या दुकानांतही असंच करतात. लहानपणी साताऱ्यात पाहिलेलं इथे कामी आलं.

घाटमाथा

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) छोट्या काडतुसाने हवा भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा खूप लवकर निसटतो. दुसऱ्या दिवशी चाक मऊ लागलं, तर लगेच पंक्चर शोधू नका. घरी आल्यावर सगळा वायू सोडून पंपाने साधी हवा भरा आणि मग बघा.

चढउतार (पणजी)

माझा प्रश्न आहे. सायकल उभी असताना हवा टिकते, चालवली की जाते. घमेल्यात एकही बुडबुडा नाही. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह आहे.

निंबाखालचं दुकान (इंदापूर)

रिमचं भोक मोजा. प्रेस्टाला साधारण ६ मिलिमीटर लागतं. रिम मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हसाठी असेल, तर भोक ८ चं असतं. मग वॉल्व्ह चालवताना हलतो आणि बुडाशी रबर कापतो. वॉल्व्ह एका बाजूला वाकवून पुन्हा पाण्यात धरा, बुडबुडे दिसतील. तिथे ठिगळ धरत नाही, ट्यूब बदलावी लागेल. नवी बसवताना भोकात छोटी रिंग घाला, सायकलच्या दुकानात मिळते.

चढउतार (पणजी)

वाकवून धरला. बुडाशीच बुडबुडे आले. रिंग आणायला निघालो.