तीन गाड्या, तीन नेव्हिगेशन, ४१ विहिरी: एकीतली ठिकाणं दुसरीत न्यायची कशी?

विहीरवाली:

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही आठ जण मिळून विहिरींच्या आणि ओढ्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करतो. वर्षातून दोन फेऱ्या, पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक. ठिकाणं ४१. इतकी वर्षं सगळं माझ्या एकटीच्या गाडीवर चालायचं. प्रत्येक विहिरीपाशी थांबलं की डॅशबोर्डवरच्या नेव्हिगेशनमध्ये 'हे ठिकाण जतन करा' दाबायचं, एवढीच आमची पद्धत. त्यामुळे ४१ च्या ४१ ठिकाणं त्या डब्यात आहेत, बाहेर कुठेही नाहीत.

यंदा गाड्या तीन झाल्या. माझी जुनी, तिच्या नेव्हिगेशनला इंटरनेट नाही, फक्त पेनड्राइव्ह. चुलतभावाची (दादाची) नवी, तिच्यात कंपनीचं ॲप आहे आणि फोनवरून गाडीला ठिकाण पाठवता येतं. तिसरीला स्वतःचं नेव्हिगेशनच नाही, फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दिसतो.

आधी पेनड्राइव्ह करून पाहिला. माझ्या गाडीने फाइल मुकाट्याने दिली. दादाच्या गाडीत लावला तर 'डिव्हाइसवर काहीही सापडले नाही'.

मग फोनवर बसलो. मी वाचणार, दादा टंकणार. माझ्या स्क्रीनवर पहिल्या विहिरीचा अक्षांश २०°४५′१८″ असा होता. ते अंशाचं गोल चिन्ह इतकं बारीक की मला ते पॉइंटच वाटलं. मी वाचलं, 'वीस पॉइंट पंचेचाळीस अठरा.' दादाने भरलं २०.४५१८. गाडीने मुळीच कुरकुर केली नाही, रस्ता काढला, वेळ सांगितली, आणि दादा बिचारा पाऊण तास गाडी हाकत एका भलत्याच शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तिथून फोन, 'अगं, इथे विहीर नाही, मोटर नाही, माणूससुद्धा नाही.'

तिसऱ्या गाडीला मी ते आकडे नीट समजून पाठवले (तोवर चूक कळली होती). तरी सतरा नंबरची विहीर कालव्याच्या अलीकडे आणि गाडी पलीकडे. समोर विहीर दिसतेय, मध्ये वाहतं पाणी. पूल बराच मागे राहिलेला.

तर प्रश्न असा: एकदाच यादी द्यावी आणि तिन्ही गाड्यांनी ती सारखीच घ्यावी, असं काही आहे का? की दर वेळी एकेक ठिकाण बोटाने भरणं हेच नशिबी?

सरळमार्गी:

सोप्पं आहे ताई. तिन्ही गाड्यांत फोन लावा, एकच नकाशा वापरा, पिन टाका, विषय संपला. डब्यातलं नेव्हिगेशन कोण वापरतं आता?

विहीरवाली:

मी वापरते. अर्ध्याअधिक विहिरींपाशी रेंज नसते आणि दुपारी काचेमागे ठेवलेला फोन 'तापमान जास्त आहे' म्हणून डोळे मिटतो. शिवाय चॅटवर पाठवलेली पिन दादाच्या गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये उघडतच नाही, ती फोनमध्येच राहते.

नकाशेवाला:

ताई, बरीच वर्षं मोजणीच्या कामात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दादांची शेतवारी. एकच अक्षांश तीन तऱ्हांनी लिहितात: २०.७५५०, किंवा २०°४५.३००′, किंवा २०°४५′१८″. तिन्ही एकच आहेत. अंशाला ६० मिनिटं, मिनिटाला ६० सेकंद, म्हणून ४५ मिनिटं १८ सेकंद म्हणजे ०.७५५ अंश. तुमच्या दादांनी भरलं ०.४५१८. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, तेव्हा नुसत्या अक्षांशातच साडेतेहतीस किलोमीटरच्या आसपास घसरलात. रेखांशाची घसरण वेगळी. गाडीने कुरकुर का करावी? २०.४५१८ हाही पृथ्वीवरचा कायदेशीर आकडाच आहे.

ही चूक पकडायची माझी एक जुनी खूण आहे. दूरदूरच्या ठिकाणांची यादी हातात आली की पॉइंटनंतरचे पहिले दोन आकडे नुसते डोळ्यांखालून घालायचे. सगळ्या यादीत ते कुठेही ६० च्या वर जात नसतील, तर कोणीतरी मिनिटं दशांश म्हणून भरली आहेत असं समजा. तुमच्या विहिरी जवळजवळ असतील तर ही खूण चालणार नाही, पण एरवी मला तिने बऱ्याचदा वाचवलंय.

म्हणून पहिला नियम म्हणजे स्क्रीनवरून वाचून दाखवायचंच नाही. तुमचा डबा पूर्ण सेकंदच दाखवतो असं दिसतंय. एक सेकंद अक्षांश म्हणजे सुमारे ३१ मीटर, म्हणजे वाचतानाच १५ मीटरपर्यंत चूक पदरात पडते. विहिरीला १५ मीटर थोडे नाहीत. सेटिंग्जमध्ये दशांश अंशांचा पर्याय असेल तर तो लावा. पॉइंटनंतर पाच आकडे पुरे, पाचवा आकडा साधारण मीटरभराचा असतो. त्यापुढचे आकडे शोभेचे.

आता फाइल. अशा देवघेवीसाठी 'जीपीएक्स' नावाचा उघडा फॉरमॅट २००२ पासून आहे आणि १.१ ही आवृत्ती २००४ ची. साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिच्यात तीन प्रकारचा माल असतो: सुटी ठिकाणं, ठरवलेला मार्ग आणि प्रत्यक्ष चाललेली वाट. जुन्या गाड्या बहुधा फक्त सुटी ठिकाणं उचलतात. तुमच्या गाडीने यादी मार्ग म्हणून लिहिली असेल तर दादांच्या गाडीला त्यात 'काहीच सापडणार नाही'. दुसरी शक्यता म्हणजे पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे (पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या या पद्धती). गाड्यांना सहसा फॅट३२ लागतो. तिसरी म्हणजे तुमच्या गाडीने स्वतःच्याच खासगी फॉरमॅटमध्ये फाइल दिली. टॉमटॉम आणि गार्मिन या नेव्हिगेशन कंपन्यांचे ओव्ही२ आणि जीपीआय असे असतात. त्यावर 'जीपीएसबॅबल' हा फुकट प्रोग्राम आहे, तो या बोलीतून त्या बोलीत करून देतो.

अक्षांश आधी की रेखांश आधी, यावरूनही घोळ होतात. जीपीएक्समध्ये दोन्हींना नावं लावलेली असतात, म्हणून क्रम चुकला तरी बिघडत नाही. केएमएल या ठिकाणांच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये मात्र रेखांश आधी. हाताने उलटं भरलंत आणि रेखांश ९० च्या वर असला तर गाडी नाकारते, कारण तेवढा अक्षांश नसतोच. दोन्ही ९० च्या आत असले की ती निमूटपणे स्वीकारते आणि तुम्हाला भलत्या खंडात नेऊन सोडते.

आणि पिन का उघडत नाही? त्या लिंकच्या पोटात बऱ्याचदा आकडे नसतात, त्या नकाशाचा स्वतःचा नोंद क्रमांक असतो. दुसऱ्या नकाशाला तो कसा कळावा? दादांना पिन नका पाठवू. नकाशावर बोट दाबून धरा, जे दोन आकडे येतात ते कॉपी करून पाठवा. 'जिओ' शब्दाने सुरू होणारी प्रमाणित लिंकही २०१० पासून आहे, तिच्यात नुसता अक्षांश-रेखांश असतो.

सतराव्या विहिरीचं उद्या लिहितो, ते निराळं दुखणं आहे.

विहीरवाली:

काका, फाइल उघडली! तुम्ही म्हणालात तेच निघालं, सगळं मार्ग म्हणून लिहिलेलं होतं, म्हणजे ४१ विहिरींची एक माळ. आता सुटी करते. पण एक विचित्र गोष्ट आहे. मी नावं मराठीत दिली होती, 'मोडक्या रहाटाची', 'दोन तोंडांची' वगैरे. फाइलमध्ये ती नीट दिसतात, आणि चाचणीसाठी एक ठिकाण दादाच्या गाडीत टाकलं तर नावाच्या जागी नुसते चौकोन.

नकाशेवाला:

फाइल ठीक आहे, त्या गाडीत देवनागरीचा फॉन्ट नाही. तुमच्या हातात काही नाही. रोमन अक्षरांत छोटी नावं द्या.

आता सतरावी. तिचे आकडे बरोबरच होते, यावर पैज लावायला तयार आहे. नेव्हिगेशन तुम्हाला त्या बिंदूपर्यंत नेतच नाही. बिंदूपासून सरळ रेषेत जो रस्ता सगळ्यांत जवळ, तिथवर नेतं. मधे कालवा आहे, भिंत आहे की दरी, हे तो हिशेब बघत नाही. तुमच्या स्वतःच्या डब्यातल्या नकाशात अलीकडची कच्ची वाट असेल, म्हणून तुम्हाला कधी अडचण आली नाही. तिसऱ्या गाडीच्या नकाशात ती वाट नसेल, म्हणून पलीकडचा रस्ता जवळचा ठरला. ठिकाण एकच, नकाशे दोन.

उपाय असा की विहिरीचा बिंदू द्यायचाच, शिवाय गाडी जिथे उभी करता ती जागाही वेगळी द्यायची, आणि ती दोन्ही नकाशांत असलेल्या रस्त्यावरची हवी. मोठ्या रुग्णालयाच्या मध्यावर पिन टाकली की नेव्हिगेशन मागच्या भिंतीशी सोडतं, तसलाच प्रकार.

वळणावर:

काकांचं बाकी सगळं मान्य, पण 'अक्षांश-रेखांश दिले की झालं' एवढ्यावर सोडू नका. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता यांचे आकडे सारखेच असतात. मी वाहतुकीच्या माहितीवर काम करते. एका कंपनीच्या नकाशावरची कोंडी दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर नेमक्या त्याच रस्त्यावर दाखवायची, हे आमचं रोजचं भांडण. त्यासाठी टॉमटॉमने २००९ मध्ये 'ओपनएलआर' ही पद्धत उघडी केली. तिच्यात बिंदूसोबत रस्त्याचा दर्जा, त्याचा प्रकार, तिथून कोणत्या दिशेला निघायचं आणि पुढचा बिंदू किती लांब, हेही जातं. घेणारी गाडी आपल्या नकाशात त्या वर्णनाला जुळणारा रस्ता शोधते. त्याआधी रेडिओवरून वाहतुकीचे इशारे यायचे, त्यांत प्रत्येक चौकाला ठरलेला क्रमांक असे आणि दोन्हीकडे तीच क्रमांकयादी लागे.

विहिरींसाठी यातलं काही लागणार नाही, पण कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. आणि हो, काही नव्या गाड्या आपोआप एकमेकींना रेडिओवर संदेश पाठवतात ते याहून वेगळं. तो संदेश सेकंदाला दहा वेळांपर्यंत जातो, पण त्यात 'मी कुठे आहे, किती वेगात आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे' असलंच असतं. 'कुठल्या ठिकाणी पोचायचंय' हे नसतं.

नकाशेवाला:

उड्डाणपुलाचं कबूल. पूल मी विसरलो, कारण आयुष्य माळावर गेलं :)

जाता जाता: जपानमध्ये डेन्सो कंपनीने गाड्यांसाठी 'मॅपकोड' काढला, नुसत्या अंकांचा. तो फोनवर सांगायचा, समोरच्याने नेव्हिगेशनमध्ये भरायचा. त्यात अंशही नाही, मिनिटही नाही, तुमच्या दादांना मानवला असता. त्याच देशाने २००२ मध्ये मोजणीचा पाया बदलून जागतिक केला, तेव्हा जुन्या नकाशांवरचे आकडे सुमारे ४०० मीटर सरकले. म्हणून कागदी नकाशावरून आकडे काढत असाल तर कोपऱ्यात कोणता डेटम (म्हणजे हाच मोजणीचा पाया) छापलाय ते बघा. गाडीला 'डब्ल्यूजीएस८४' हा जागतिक डेटम हवा.

शेजारीण:

विहीरवाली ताई, फाइल सगळ्यांना पाठवण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. मी जुनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकांचं 'घर', 'ऑफिस', मुलांची शाळा, सगळं तिच्या यादीत होतं. मी पुसलं, पण प्रत्येक जण पुसेलच असं नाही. गाडी विकताना, आणि गॅरेजला देतानासुद्धा, ते आठवणीने काढा.

विहीरवाली:

शेजारीण, तुमचं वाचलं आणि फाइल पुन्हा उघडली. ४१ नव्हे, ४६ ठिकाणं होती. घर, आईचं घर, दवाखाना, आणि दोन अशी की ती मी कधी आणि का जतन केली ते मलाही आठवेना. पाचही काढून टाकली.

फेरी परवा झाली. हिशेब सांगते. फॅट३२ पेनड्राइव्ह, जीपीएक्स, सुटी ठिकाणं, दशांश अंश. दादाच्या गाडीने एका दमात घेतली. तिसऱ्या गाडीच्या फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवला, रेंजची भानगड नको म्हणून. एकूण ठिकाणं आता ६७ झाली, कारण २६ विहिरींना गाडी थांबवायची जागा वेगळी द्यावी लागली. कालव्याजवळच्या सतरा नंबरला तिसरी गाडी माझ्या आधी पोचली आणि तिने मला हॉर्न दिला.

एकच चुकली, एकोणतीस नंबर, सगळ्यांचीच चुकली. तिन्ही गाड्या अगदी शिस्तीत एका वळणावर गेल्या आणि तिथे काहीच नव्हतं. मग आठवलं. त्या वर्षी कुत्रं मागे लागलं म्हणून मी आधी गाडी काढली आणि 'जतन करा' पुढे गेल्यावर दाबलं होतं. आता परवाच्या नोंदीवरून दुरुस्त केलंय.

नावं मात्र काका म्हणाले तशी दिली, रोमन 'व्ही' आणि पुढे आकडा. दादा वायरलेसवर विचारतो, 'व्ही बारा म्हणजे कुठली गं?' मी सांगते, 'मोडक्या रहाटाची.' मग म्हणतो, 'हां, ती होय.'